सतरा वर्षांच्या मुलासाठी व्यसनमुक्तीचे उपचार कुठे आणि कसे शोधावेत?

प्रश्न – एक आई, नाशिक

माझा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या कंपासपेटीत कोनमापकाखाली गुंडाळीच्या कागदांचे पाकीट आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली. दीड वर्षापासून गांजा ओढत असल्याचे त्याने कबूल केले. 'एमडी' (मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ) मात्र दोनदाच घेतली, असे तो म्हणतो. माझ्या दिरांनी शहराबाहेरचे एक केंद्र सुचवले आहे. तेथील माणसे रात्री गाडी घेऊन येतात, मुलाला उचलून नेतात, सहा महिने ठेवतात आणि पहिले तीन महिने घरच्यांना भेटू देत नाहीत. मुलाच्या वडिलांची तयारी आहे, पण माझे मन धजत नाही. शिवाय डॉक्टरांकडे गेलो तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाईल, अशीही धास्ती वाटते.

उत्तर – समुपदेशक, शासकीय रुग्णालय

ताई, आपले मन धजत नाही ते योग्यच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारही मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहेत. त्यामुळे अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते; त्याची राहण्याची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी असावी लागते आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ त्याच्याजवळ राहायचे असते. जे केंद्र आईला तीन महिने भेटूच देत नाही, ते या कायद्यात कसे बसवणार? पोलिसांची धास्ती सोडा, कारण उपचारांची माहिती गोपनीय राहणे हा रुग्णाचा हक्क याच कायद्यात आहे.

माझ्या अनुभवात गांजा ओढणाऱ्या बहुतेक मुलांना दाखल करण्याची गरज पडत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात बाह्यरुग्ण म्हणून दर आठवड्याला नेले, तरी पुष्कळ काम होते. गांजा सोडल्यावर झोप उडते, भूक मंदावते, चिडचिड होते. त्याने घाबरून जाऊ नये. बरीच वर्षे भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर फिट येऊ शकते, तसा धोका येथे सहसा नसतो. मात्र कोणी पाठलाग करत आहे असे तो म्हणू लागला, नसलेले आवाज त्याला ऐकू येऊ लागले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याने केली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी न्यावे. नशेच्या मुळाशी चिंता, नैराश्य किंवा लहानपणापासूनची एकाग्रतेची अडचण आहे का, हे पहिल्या काही भेटींतच तपासून घ्या, कारण ते राहून गेले तर केंद्रे बदलत बसण्याची वेळ येते. घराजवळची सोय विचारण्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मानसिक ताणासाठी टेलीमानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

उत्तर – एक वडील, पुणे जिल्हा

आपल्या दिरांनी सुचवलेला मार्ग आम्ही थोरल्या मुलाच्या बाबतीत पत्करला होता. तो तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि त्या रात्री दाराची कडी मीच आतून काढून दिली होती. त्या केंद्रात मिसरूड न फुटलेल्या पोरांपासून साठीच्या माणसांपर्यंत सगळे एकाच हॉलमध्ये झोपत. आमचा मुलगा गांजासाठी गेला आणि ब्राऊन शुगर कुठे मिळते, हे शिकून चार महिन्यांनी परत आला. अकराव्या दिवशी त्याने पुन्हा सुरुवात केली. त्याहून वाईट म्हणजे पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

नंतर तो स्वतःहून तयार झाला, तेव्हा येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेला. अवचट दांपत्याने १९८६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत तो पस्तीस दिवस राहिला. खरी कसोटी त्यानंतरच्या पाठपुराव्याची होती, कारण तो आणखी दोनदा घसरला. मीही शनिवारची माझी बाटली बंद केली. हे कोणी सांगितले नव्हते. पण समुपदेशकांपुढे मुलाच्या शेजारी बसल्यावर आपल्याच तोंडाला वास येतो की काय, असे वाटू लागते.

उत्तर – वय २३, मुंबई

काकू, मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूने आलो आहे, म्हणून लिहितो. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आईबाबांना बाहेर बसायला सांगितले, आणि किती ओढतोस यापेक्षा ओढल्यावर काय बरे वाटते, हे आधी विचारले. झोप लागते, असे मी म्हणालो. तोपर्यंत ते मी कोणालाच सांगितले नव्हते. लघवीची तपासणी करायची असेल, तर त्याला सांगून करा. चोरून केलीत, तर तो फक्त अधिक सराईत होईल. 'एमडी दोनदाच' यावर घरी उलटतपासणी घेऊ नका. मीही आकडा निम्म्यानेच सांगितला होता, आणि खरा आकडा चौथ्या भेटीत माझा मीच सांगितला.

प्रश्नकर्त्या आईचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार. गुरुवारी त्याला शासकीय रुग्णालयात नेले. मी चाळीस मिनिटे बाहेरच्या बाकावर केसपेपर धरून बसले होते. आत काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. पुढची तारीख मंगळवारची मिळाली आहे. परतताना रिक्षात त्याने एवढेच विचारले, की काकांनी त्या गाडीवाल्यांना बोलावले आहे का. मी नाही म्हणाले, आणि घरी पोचल्यावर दिरांना फोन करून तसे स्पष्ट सांगितलेही.