बॅटलस्टार गॅलॅक्टिका: २००३च्या नव्या अवताराबद्दल इतकी टोकाची मतं का? आणि बघायचा क्रम कोणता?

धूमकेतू
१९७८ची मूळ मालिका बघून झाली आहे, आता नवी सुरू करायची आहे. पण तिच्याबद्दल वाचायला जावं तर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे दूरदर्शनसंचावर याहून चांगली विज्ञानकथा आलीच नाही, आणि दुसरा म्हणजे जुन्या नावावर भलतीच गोष्ट खपवली. भांडण नेमकं कशावरून आहे? शिवाय मिनिसिरीज आणि 'रेझर', 'द प्लॅन' हे दूरचित्रपट, हे सगळं मधे कुठे बसतं? कृपया रहस्य फुटणार असेल तर आधी इशारा द्या.

उत्तररात्र
भांडणं दोन आहेत आणि लोक ती एकत्र कालवतात. पहिलं २००३चं, दुसरं २००९चं. दोन्हीकडची माणसंसुद्धा वेगळी आहेत.

पहिल्याचं मूळ आधीपासूनचं आहे. जुन्या चाहत्यांना पुढची गोष्ट हवी होती. जुन्या मालिकेत अपोलो झालेला नट रिचर्ड हॅच याने १९९९मध्ये पदरचे पैसे घालून 'द सेकंड कमिंग' नावाची झलक तयार केली ती त्याचसाठी. २००१मध्ये ब्रायन सिंगर आणि टॉम डिसँटो यांनीही कथा पुढे नेणारा प्रयत्न सुरू केला होता, तो बारगळला. इतकी वर्षं वाट बघून शेवटी नव्या मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून मांडली. स्टारबक हा वैमानिक नव्या मालिकेत बाई झाला यावर आरडाओरडा जास्त झाला, मूळ स्टारबक डर्क बेनेडिक्ट याने तर जाहीर लेख लिहून टीका केली. पण खरी सल 'आमच्या गोष्टीचं पुढे काय झालं' हे कधीच कळणार नाही याची होती.

माझ्या मते स्टारबकपेक्षा मोठा बदल सायलॉनांचा, म्हणजे माणसांचा नायनाट करायला निघालेल्या यंत्रमानवांचा आहे. जुन्या मालिकेत त्यांना एका सरपटणाऱ्या परक्या जमातीने घडवलं होतं. नव्या मालिकेत ते माणसाने घडवले आहेत. या एका बदलाने सगळ्या कथेचा तोल सरकतो. शत्रू बाहेरून आलेला राहत नाही, पाप आपलंच ठरतं.

हा फरक बघायचा तर पहिल्या पर्वाचा पहिला भाग 'थर्टी थ्री' बघा. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येतात, उरलेल्या माणसांच्या जहाजांचा ताफा अवकाशात दूर उडी मारतो, पुन्हा घड्याळ सुरू. पाच दिवस कोणी झोपलेलं नाही. राष्ट्राध्यक्ष रॉझलिनच्या विमानात एक पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा हाताने लिहिलेला. भागभर तो कमीच होत जातो आणि शेवटी ती आकडा पुसून एकाने वाढवते, कारण ताफ्यात एक मूल जन्मलं आहे: ४७,९७३. या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

जुनी_फीत
उत्तररात्र यांच्याशी बराचसा सहमत, पण जुन्या मालिकेची बाजू कोणीतरी नीट मांडायला हवी.

१९७८मध्ये एका भागाला साधारण दहा लाख डॉलर लागत होते, त्या काळात ही अफाट रक्कम होती. तरी पैसे पुरत नसत. म्हणून वायपर विमानं नळीतून सुटण्याची तीच ती दृश्यं भागामागून भाग फिरवली जातात. २४ भागांत मालिका बंद झाली. पुढे 'गॅलॅक्टिका १९८०' आली, ती दहा भागांत आटोपली आणि ती सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

मात्र तिच्यात एक ऊब होती. अडामा, अपोलो आणि स्टारबक हे एकमेकांवर जीव टाकणारं कुटुंब होतं. नव्या मालिकेत जवळजवळ प्रत्येक नातं तुटायला आलेलं असतं, आणि सलग चार पर्वं तसं बघणं जड जातं. ही तक्रार रास्त आहे. पण हेही मान्य करायला हवं, की मानवजात संपायला आली असताना पहिल्याच कथेत सगळे जुगाराच्या अड्ड्यावर रमतात, हे जुन्या मालिकेचं दुखणं होतं. मूर यांनी बोट ठेवलं ते तिथेच.

आणखी एक. रिचर्ड हॅच आधी विरोधात होता, पण नंतर त्याच नव्या मालिकेत टॉम झारेक म्हणून आला. कैदी, राजकारणी, धोकादायक. त्याचं काम या मालिकेतल्या उत्तम कामांपैकी आहे.

पाटीपेन्सिल
क्रमाचं सांगतो.

मिनिसिरीज आधी, ती वगळायची नाही. डिसेंबर २००३ची, सुमारे तीन तासांची. बऱ्याच ठिकाणी ती वेगळी लावलेली असते, त्यामुळे लोक थेट 'थर्टी थ्री' लावतात आणि कोण कोणाचं कोण हेच कळत नाही. मग पहिलं पर्व (१३ भाग), दुसरं (२०). दुसऱ्यातला दहावा भाग 'पेगॅसस' विस्तारित आवृत्तीत मिळाला तर तोच घ्या. त्यात लैंगिक हिंसेचा प्रसंग आहे, घरच्यांबरोबर बसणार असाल तर लक्षात असू द्या. त्याच पर्वातला 'ब्लॅक मार्केट' सपक आहे, खुद्द मूर यांनीही त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली होती. तिसऱ्या पर्वाचे पहिले चार भाग मात्र सलग बघा, मधे थांबू नका.

'रेझर'वरून नेहमी वाद होतो. त्यातली कथा 'पेगॅसस'च्या काळातली, म्हणून काही जण दुसऱ्या पर्वातच बघायला सांगतात. तसं करू नका. त्यात कॅराबद्दल, म्हणजे नव्या स्टारबकबद्दल, एक भाकीत आहे, त्याने पुढच्याची हवा निघते. तो प्रदर्शित झाला नोव्हेंबर २००७मध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या पर्वांच्या मधे. तिथेच बघा. 'द प्लॅन' सगळ्यात शेवटी.

टीव्हीवर आवाजाइतकंच चित्राकडेही लक्ष द्या. चित्रात दिसणारे दाणे मुद्दाम ठेवलेले आहेत, कॅमेरा हातात धरून हलतो तोही मुद्दाम. टीव्हीतली दाणे पुसणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय दोन्ही बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात आणि वार्तापटासारखा तो कोरडेपणा जातो. जुन्या मालिकेची रुंद पडद्याची आवृत्तीही आहे, पण तिच्यात वरचा-खालचा भाग कापला आहे. ४:३ हीच खरी चौकट.

उत्तररात्र
आता दुसरं भांडण. इथून पुढे रहस्यभेद आहे. धूमकेतू, तुम्ही इथेच थांबा.

मूर यांनी सुरुवातीलाच लिहून जाहीर केलं होतं की ही विज्ञानकथा वास्तववादी असेल. परग्रहवासी नाहीत, तांत्रिक शब्दांची जादू नाही. लेझर नाहीत, गोळ्या आहेत. याच वचनावर जे प्रेक्षक जिंकले, तेच मार्च २००९च्या 'डेब्रेक' या शेवटावर सर्वांत जास्त संतापले. कॅरा हवेत विरून जाते, शास्त्रज्ञ बाल्टरला एकट्यालाच दिसणारी बाई खरोखर देवदूत निघते, आणि उरलेली सुमारे ३८,००० माणसं जहाजं सूर्यात सोडून देऊन एका ग्रहावर औषधांशिवाय, यंत्रांशिवाय राहायला निघतात. इतकी भांडखोर माणसं या निर्णयावर एका दिवसात एकमत करतात, हे मलाही पटत नाही.

पण 'देव अचानक घुसडला' हा आरोप चुकीचा आहे. धर्म मूळ मालिकेच्या पायातच होता. तिचे कर्ते ग्लेन लार्सन मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे होते. मालिकेत माणसाचं मूळ घर मानलेल्या ग्रहाचं कोबोल हे नाव त्यांच्या धर्मग्रंथातल्या 'कोलोब'ची अक्षरं उलटसुलट करून आलं आहे. प्रकाशाच्या जहाजातले देवदूतसदृश जीव १९७८मध्येही होते. आणि नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात तर गायत्री मंत्र आहे, कान देऊन ऐकला तर 'धियो यो नः प्रचोदयात्' स्पष्ट कळतं. 'हे सगळं पूर्वी घडलंय, पुन्हा घडणार आहे' हे पालुपद पहिल्या पर्वापासून आहे. युगांचं चक्र लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही.

खरी चूक वेगळी आहे. शीर्षकात दर आठवड्याला सांगितलं जायचं की सायलॉनांकडे एक योजना आहे. लेखकांकडे ती नव्हती. माणसांत माणूस म्हणून वावरणारे शेवटचे पाच सायलॉन कोण, हे तिसऱ्या पर्वाचं लेखन चालू असताना ठरलं. म्हणून दुसऱ्यांदा बघताना त्या पाचांपैकी एक निघालेल्या कर्नल टायच्या आधीच्या प्रसंगांत कसलीच पूर्वखूण सापडत नाही.

जुनी_फीत
टायबद्दल थोडं वेगळं मत. पूर्वखूण नाही हे खरं, पण त्याची भूमिका करणाऱ्या मायकेल होगनने आपण सायलॉन आहोत हे कळल्यानंतरचा टाय असा उभा केला आहे की पेरणीची उणीव भरून निघते. एका डोळ्यात इतकं काही दाखवणारा नट क्वचित मिळतो.

धूमकेतू
इशाऱ्यापाशी थांबून खाली आलो आहे. मिनिसिरीजपासून सुरुवात करतो, 'रेझर' तिसऱ्या पर्वानंतर. 'कॅप्रिका' ही पूर्वकथेची मालिका बघायची की नाही?

पाटीपेन्सिल
बघा, पण सगळ्यात शेवटी, 'द प्लॅन'च्याही नंतर. २०१०ची आहे, कथा ५८ वर्षं आधीची. युद्ध शोधायला गेलात तर निराश व्हाल, ती दोन घराण्यांची गोष्ट आहे.