विठ्ठलाचा सावळा वर्ण तैलरंगात राखाडी का पडतो?

नौपाड्याचा रेखक (प्रश्न)

नमस्कार. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काम केल्यानंतर गेली चार वर्षे मी घरीच तैलरंगात काम करतो आहे. कलाशाळेत कधी गेलो नाही. भांडी, फळे, येऊरची झाडे असे विषय बऱ्यापैकी जमू लागले, तेव्हा गेल्या आषाढीला मनाने घेतले की विठ्ठल काढावा. तोही पाषाणाची मूर्ती म्हणून नव्हे, तर विटेवर उभा असलेला, श्वास घेणारा देहधारी विठ्ठल. तेव्हापासून दोन कॅनव्हास वाया गेले आहेत आणि दोन्ही वेळा नेमके काय चुकले हे मला नीट कळलेले नाही, म्हणून इथे विचारतो.

पहिला प्रयत्न २४ बाय ३६ इंचांच्या कॅनव्हासवर, शेजारी कॅलेंडर टांगून केला. अंगाच्या रंगासाठी आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट मिसळून त्यात थोडा प्रशियन ब्लू घातला. ओले असताना चित्र बरे वाटत होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने चहा ठेवता ठेवता विचारले, "सिमेंटचा केलात का?" आणि ते खरेच होते.

दुसऱ्या वेळी भाच्याला कमरेवर हात ठेवून उभे केले. तो नियमित व्यायामशाळेत जातो, त्यामुळे छाती आणि दंड देवापेक्षा पैलवानाचे झाले. शिवाय तो दर पाच मिनिटांनी एका पायावर भार टाकत असे आणि मीही जसे दिसले तसे काढत गेलो. परिणामी माझा पांडुरंग ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत कंटाळून उभा राहिल्यासारखा दिसू लागला. खाली आयव्हरी ब्लॅकमध्ये भरपूर जवसाचे तेल घालून एक थर दिला होता, त्यावर आठवड्याने बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावला आणि शेवटी निळ्या रंगाचा पारदर्शक थर चढवला. तीन महिन्यांत मांड्यांवर आणि पोटावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या. चेहरा मात्र इतका हुबेहूब उतरला, की घरी येणारा प्रत्येक जण भाच्याचे नाव घेतो आणि हात जोडायला उचललेले हात खाली घेतो.

सावळा वर्ण नेमका कसा साधावा, आणि समोर जिवंत माणूस उभा करूनही चित्रात तो माणूस न उरता देव कसा दिसावा, यावर ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

जुने पॅलेट, नेरूळ

रेखककाका, तुमच्या सिमेंटचे कारण सोपे आहे. आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा मिसळला की थंड, निळसर राख तयार होते. तिच्यात प्रशियन ब्लू घातल्याने ती आणखी थंड झाली. प्रशियन ब्लू तर तांदळाच्या दाण्याएवढा घेतला तरी सगळे पॅलेट काबीज करतो. माणसाच्या कातडीखाली रक्त असते, त्यामुळे ती कितीही काळी असली तरी सावलीत उबदार असते. म्हणून काळ्याची ट्यूब बाजूला ठेवा आणि बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीन निळा मिसळून गडद रंग तयार करा. त्यात ब्लूचे प्रमाण किंचित कमी-जास्त केले की एकाच मिश्रणातून उबदार आणि थंड अशा दोन्ही सावल्या मिळतात. उजेडाच्या बाजूला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) वापरा. पांढरा अगदी शेवटी आणि अगदी थोडा.

आता मुख्य मुद्दा. गोऱ्या कातडीवर उजेड पडला की बहुतेक उजेड कातडीत शिरून तिचा रंग घेऊन बाहेर पडतो, त्यामुळे सगळा भागच उजळतो आणि वरची चकाकी त्यात विरून जाते. सावळ्या कातडीत आत शिरलेला बराचसा उजेड शोषला जातो आणि पृष्ठभागावरून थेट परतलेली चकाकीच डोळ्यांत भरते. ही चकाकी कातडीचा रंग घेत नाही, जिथून उजेड आला त्या जागेचा रंग घेते. म्हणजे पावसाळी दुपारी उत्तरेच्या खिडकीशी सावळा माणूस उभा केला, तर त्याच्या खांद्यावर, कपाळावर आणि गालाच्या हाडावर आभाळाची निळसर झाक दिसते आणि बाकीचे अंग उबदार तपकिरीच राहते. देवाला घननीळ म्हणणाऱ्यांनी हे पाहिले होते की नाही हे मी सांगू शकत नाही, पण चित्रकाराच्या दृष्टीने निळा रंग अंगात कालवायचा नसून अंगावरच्या चकाकीत ठेवायचा असतो, एवढे मात्र मी अनुभवाने सांगतो. तुम्ही तो पारदर्शक थर म्हणून सगळ्या अंगावर फासलात, तिथे चित्र मळले.

भेगांचे कारण वेगळे आहे. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, त्यात तुम्ही तेल वाढवले. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो झटपट वाळतो आणि तो तुम्ही टर्पेंटाइनने आणखी कोरडा केला. वरचा थर कडक झाला तेव्हा खालचा अजून हलत होता, म्हणून वरचा फाटला. खाली कमी तेल, वर जास्त तेल, आणि लवकर वाळणारे रंग खाली, हा क्रम मोडायचा नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर दोन थरांमध्ये नेहमीपेक्षा जास्त दिवस जाऊ द्यावेत.

आणखी एक. कॅलेंडर समोर ठेवू नका. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तिथून घराघरांत गेलेले देव दगडावरून छापले जात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागत असे, त्यामुळे कातडीतल्या मधल्या छटा तिथे आपोआप गाळल्या जात आणि अंग गुळगुळीत दिसे. रविवर्म्याची काही मूळ तैलचित्रे सातारा जिल्ह्यात औंधच्या भवानी संग्रहालयात आहेत. एकदा सवड काढून जा आणि सावलीची कड उजेडाला जिथे मिळते तेवढाच भाग पाहत बसा.

टाळकरीण, कळवा

रंगातले मला फारसे कळत नाही, पण आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी आहे आणि मी स्वतः पेन्सिलने व्यक्तिचित्रे काढते, म्हणून उभे राहण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते.

विठ्ठल समचरण आहे. दोन्ही पाय विटेवर सारखे, भार दोन्हींवर सारखा. मूर्तिशास्त्रात याला समभंग म्हणतात. बासरी वाजवणारा कृष्ण त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेला असतो, म्हणून तो आपोआप चंचल आणि लडिवाळ दिसतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या व्यक्तिचित्रणात ग्रीकांपासून एका पायावर भार टाकलेली आकृती जिवंत मानली जाते आणि आपण पुस्तकांतून नकळत तेच उचलतो. विठ्ठलाला ते लावले की अठ्ठावीस युगांचे उभे राहणे संपते आणि रिक्षाची रांग सुरू होते. तुमचे वाक्य वाचून हसू आले, पण चुकीचे निदान तुम्हीच अचूक केले आहे.

भाच्याला उभे करताना जमिनीवर त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ मारून घ्या, वीस मिनिटांनी पाच मिनिटे विश्रांती द्या आणि परत त्याच रेघेत उभे करा. भार सरकला की काम थांबवायचे, पेन्सिल पुढे रेटायची नाही. दुसरे म्हणजे, रिकामे हात कमरेवर ठेवले की कोणीही भांडायला उभा राहिल्यासारखा दिसतो. पंढरपूरच्या मूर्तीच्या डाव्या हातात शंख आणि उजव्या हातात कमळाचा देठ आहे, हे बरेच जण काढतच नाहीत. भाच्याच्या एका हातात वाटी आणि दुसऱ्यात लाटणे दिले तरी चालेल. बोटांना काही धरायला मिळाले की मनगट सैल पडते, कोपर खाली येते आणि सगळा ताठा निघून जातो.

पैलवानी छातीबद्दल म्हणाल तर आपल्या जुन्या शिल्पांत स्नायू मोजून दाखवत नाहीत, श्वास भरून घेतल्यासारखे भरीव अंग दाखवतात. भाच्याला पोट आत ओढू नकोस असे सांगा. व्यायाम करणाऱ्या मुलांना हे सगळ्यांत कठीण जाते.

तलावपाळीचा ईस्ट इंडियन

मी ठाण्यातलाच, सेंट जॉन चर्चच्या परिसरात वाढलेला. माझा विषय मारिया माता, पण तुमच्या चेहऱ्याच्या अडचणीतून मी गेलो आहे. आईला लुगडे नेसवून बसवले आणि चित्र पूर्ण झाल्यावर सगळ्या नातेवाइकांनी मारियेला सोडून आईचेच कौतुक केले. ही अडचण जुनी आहे. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने मारियेच्या मृत्यूचे चित्र साध्या बाईला पाहून काढले, तेव्हा ते ज्या चर्चसाठी काढले होते त्यांनी नाकारले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. उलट गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका (१९०२ ते १९६७) यांनी पुण्याच्या आश्रमात राहून मारियेला साडी नेसवली आणि तिचा चेहरा आपल्या मातीतला केला, तरी तो कोणा एका शेजारणीचा वाटत नाही, कारण त्यांनी रेषा कमी केल्या आणि चेहऱ्यावरचे क्षणिक भाव काढून टाकले.

मी आता असे करतो. समोरच्या माणसाची पाच-सहा रेखाटने वेगवेगळ्या दिवशी करतो, फोटो काढत नाही, मग सगळी कपाटात ठेवून पंधरा दिवसांनी चेहरा आठवणीतून रंगवतो. त्या माणसाची खूण पटवणाऱ्या गोष्टी, म्हणजे भुवईचा तिढा, ओठाचा एक कोपरा, नाकाचे हाड, या आधी पुसट होतात आणि हाडांची ठेवण तेवढी शिल्लक राहते. फोटो समोर असला की हात परत परत त्या तिढ्याकडेच जातो.

जुने पॅलेट यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद आहे. पूर्वेकडच्या चर्चमधले आयकॉन, म्हणजे पूजेची चित्रे, रंगवणारे चेहऱ्याला आधी गडद हिरवट तपकिरी थर देतात आणि त्यावर पायरीपायरीने उजेड चढवत नेतात. इटलीतल्या सिएनाच्या चौदाव्या शतकातल्या चित्रांतही कातडीखाली हिरवी माती असते. वरचा गुलाबी थर झिजल्यामुळे काही चेहरे आज हिरवे दिसतात. ते अंड्याच्या बलकातले काम होते, तैलरंगातले नव्हे, हे मान्य. तरी टेर व्हर्ट (हीच हिरवी माती) आणि रॉ अंबर यांचा पातळ थर खाली देऊन त्यावर बर्न्ट सिएना चढवला, तर मधल्या छटा आपोआप थंड मिळतात आणि सावळ्या अंगाला त्या शोभतात असे मला वाटते.

जुने पॅलेट, नेरूळ

हिरवा थर चेहऱ्याला ठीक, पण संपूर्ण अंगाखाली दिल्यास सावळ्या रंगाची ऊब मरते. टेर व्हर्ट फार अशक्त रंग आहे, त्यामुळे नवशिका तो जाड लावतो आणि मग वर काहीही चढवले तरी चित्र आजारी दिसते. तरी काकांनी छोट्या तुकड्यावर करून पाहावे.

मुकुटासाठी बाटलीतला सोनेरी रंग आणू नका, हे सांगायचे राहिले. तंजावरच्या चित्रांत खरा सोन्याचा वर्ख असतो आणि ती शैलीच सपाट असते, तिथे तो खुलतो. छायाप्रकाशाच्या चित्रात रॉ अंबर, यलो ऑकर आणि एखाद्या ठिकाणी फिकट पिवळ्याचा जाड ठिपका एवढ्यावर सोने उभे राहते. आणि पावसाळ्यात व्हार्निशला हात लावू नका. दमट हवेत त्यावर दुधी धुके चढते. शिवाय चित्राला निदान सहा महिने वाळू द्यावे. जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकत असाल तर आजच थांबवा. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच टाकावीत.

नौपाड्याचा रेखक

सर्वांचा आभारी आहे. फडक्यांचे वाचून त्याच रात्री उठून स्वयंपाकघरामागची पिशवी बादलीत बुडवली.

मोठा कॅनव्हास न घेता १२ बाय १६ इंचांच्या दोन तुकड्यांवर फक्त गळ्यापासून कमरेपर्यंतचा भाग केला. भाचा पुण्याला गेल्याने शेजारच्या इमारतीतल्या सुताराला विनंती केली; तो वर्णाने खरोखर सावळा आहे आणि उभे राहण्याची त्याला सवय आहे. दुपारी चारला, आभाळ भरलेले असताना उत्तरेच्या खिडकीपाशी त्याच्या खांद्यावर ती निळी झाक मला पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षे माणसे पाहतो आहे, पण ती कधी जाणवली नव्हती. अंबर आणि अल्ट्रामरीनच्या अंगावर अल्ट्रामरीन व पांढऱ्याचे जेमतेम चार फटकारे दिले आणि सहा फुटांवरून पाहिले, तर सगळे अंगच निळसर काळे वाटू लागले, जवळ गेल्यावर पुन्हा तपकिरी. सौ. पाहून काही बोलली नाही, याला मी निम्मी पावती समजतो.

दुसऱ्या तुकड्यावर हिरवा थर दिला होता. गळ्यापाशी तो फार छान लागला, पोटावर मात्र जुने पॅलेट म्हणाले तसेच झाले; बहुधा मी जाड लावला. वाटी-लाटण्याचा उपाय सुताराला पटला नाही, त्याने आपली पटाशी धरली, तरी कोपर खाली आलेच.

आता मोठ्या कॅनव्हासवर पायांची आखणी झाली आहे, चेहऱ्याच्या जागी अंबरचा पुसट डाग आहे. भाचा गणपतीला येईल तेव्हा त्याची आणि सुताराचीही रेखाटने करून ठेवीन आणि ती दसऱ्यापर्यंत कपाटाबाहेर काढणार नाही.