प्रतिसाद: रेशो १.४ आला म्हणजे झालं?

मेट्रो की बस या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की बेनिफिट-कॉस्ट रेशो (एकूण फायदा भागिले एकूण खर्च, १ च्या वर म्हणजे प्रकल्प परवडतो) १.४ आलाय म्हणजे मेट्रो फायद्याचीच, वाद कशाला. रेशो काढायला हरकत नाही, पण तो १.४ उभा कशावर आहे तेही बघा की. त्यातला फायद्याचा आकडा म्हणजे मुख्यतः प्रवाशांचा वाचलेला वेळ गुणिले वेळेची किंमत, आणि प्रवासी किती येणार हा तर अंदाजच. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लुब्येर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जगभरातले प्रकल्प तपासले, तर रेल्वेच्या दर १० पैकी ९ प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगवलेला निघाला, प्रत्यक्षात सरासरी निम्म्याच्या आसपास लोक आले. आता १.४ मधला फायद्याचा आकडा निम्मा करा, ०.७ उरतं, आणि खर्च वाढला तर ते वेगळंच.

दुसरं, डिस्काउंट रेटबद्दल, म्हणजे पुढे मिळणारे पैसे आजच्या किमतीत आणताना दर वर्षी जी टक्केवारी धरतात तिच्याबद्दल, इथे कोणीच बोललं नाही. मी एकदा असलं शीट हाताळलंय, या रेटच्या सेलमध्ये ४ च्या जागी ८ टाकले आणि खालचा रेशो हिरव्याचा लाल झाला, म्हणजे १ च्या खाली गेला, बाकी कशाला हात लावला नव्हता! ३० वर्षांनी मिळणारे १०० रुपये ४ टक्क्यांनी आजचे साधारण ३१ होतात, ८ टक्क्यांनी जेमतेम १०. मेट्रोचा बहुतेक खर्च आधी आणि फायदा नंतर, त्यामुळे फटका तिलाच जास्त. बसचं उलट, अंदाज चुकला तर गाड्या दुसऱ्या रूटवर फिरवता येतात, बोगदा काही उचलून नेता येत नाही. ही सोय त्या रेशोत कुठेच धरलेली नसते बहुतेक वेळा, म्हणून मी तरी एक आकडा न मागता प्रवासी ३०-४० टक्के कमी धरून काय येतं ते मागेन.