मदत हवी आहे: टॉफी-ड्रायफ्रूट ट्रेबेकची टॉफी सेटच होत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये असतो आणि येत्या शनिवारी मंडळाचा दिवाळी फराळ आहे, चकल्या शंकरपाळे बाकीच्या करणारेत, मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले की मी ट्रेबेक (ट्रेमध्ये थर लावून वड्यांसारखे तुकडे कापायचा गोड पदार्थ) आणते 🙈

काल ट्रायल केली. २०० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा, त्यात १०० ग्रॅम वितळलेलं बटर, ट्रेमध्ये दाबून ओव्हनमध्ये १८० डिग्री सेल्सिअसला १० मिनिटं, हे मस्त झालं. मग कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम ब्राऊन शुगर मंद आचेवर ढवळत राहिले, कडा सोडायला लागल्यावर बेदाणे, सुकी जर्दाळू, भाजलेले बदाम-काजू घालून बेसवर ओतलं आणि वर २०० ग्रॅम डार्क चॉकलेट. (जर्दाळूचा आंबटपणा पाहिजेच, नाहीतर नुसतं गोडमिट्ट लागतं.)

रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही टॉफी ओघळतेच, आणि सुरी लावली की वरचं चॉकलेट तडकून तुकडे उडतात.

तर टॉफी किती वेळ आटवायची? वड्यांसारखं पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघून चालेल की थर्मामीटर लागेलच? खाली लागेल या भीतीने मी ७-८ मिनिटांतच उतरवलं, तिथेच चुकलं का? आणि चॉकलेटमध्ये चमचाभर तेल घातलं तर नीट कापलं जाईल का? अंडं, जिलेटिन नको, बरेचजण शाकाहारी आहेत.

प्लीज शुक्रवारच्या आत सांगा, नवरा म्हणतोय चमच्याने वाढू 😅