मदत हवी आहे: पित्ताशयाचं ऑपरेशन आत्ताच की सहा आठवड्यांनी?

आई, वय ६२, मधुमेह आहे. रविवारी रात्रीपासून उजव्या बरगडीखाली प्रचंड दुखतंय. सोनोग्राफीत पित्ताशयाला सूज, तोंडाशी खडा अडकलेला. पित्तनलिका मोकळी, बिलिरुबिन (रक्तातलं कावीळ दाखवणारं द्रव्य) नॉर्मल. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू आहे. ताप उतरलाय, पण पोटाला हात लावला की अजून कळवळते.

इथले सर्जन म्हणतात, सूज उतरू दे, सहा आठवड्यांनी दुर्बिणीतून काढू. दुसऱ्या डॉक्टरांचं मत, ७२ तासांत, फार तर आठवड्याभरात काढलेलं बरं. थांबलं तर मध्येच पुन्हा अटॅक येऊ शकतो. मलाही तेच पटतंय.

साखर आटोक्यात आहे, रक्त पातळ करायची गोळी नाही, भूलतज्ज्ञांची हरकत नाही. मोठ्या शहरात हलवायचीही तयारी आहे. आज बुधवार. हलवाहलवीत पाचवा-सहावा दिवस उजाडला, तरी मधुमेही रुग्णाचं ऑपरेशन याच भरतीत करतात का? की तेव्हा थांबणंच सुरक्षित?