डाळिंब : 'शांतीचं प्रतीक' म्हणावं का?

प्रश्न

एका लेखाचं भाषांतर तपासतो आहे. त्यात वाक्य आहे : 'अनेक संस्कृतींमध्ये डाळिंब हे शांतीचे पवित्र प्रतीक आहे.' 'शांती' हा शब्द इथे चालेल का? शिवाय त्याच लेखात गणपतीच्या आणि देवीच्या हातातलं फळ डाळिंब असल्याचं म्हटलं आहे. मूळ शब्द 'बीजपूर' असा दिला आहे. तो अर्थ बरोबर आहे का?

प्रतिसाद 1

'पवित्र' बिनधास्त ठेवा. 'शांती'ला मात्र आधार शोधावा लागेल, आणि तो सहजी मिळत नाही. शांतीची खूण म्हणून जुन्या ग्रंथांत ऑलिव्हची फांदी येते. डाळिंब येतं ते बहुतेक ठिकाणी दाण्यांच्या संख्येमुळे, म्हणजे संतती, सुबत्ता, पुण्याची वाढ या अर्थांनी.

ज्यू परंपरा घ्या. हिब्रूत डाळिंबाला 'रिमोन' म्हणतात. नववर्षाला, म्हणजे रोश हशानाला, ते खाताना 'आमचं पुण्य डाळिंबाच्या दाण्यांसारखं वाढो' अशी प्रार्थना करतात. फळात 613 दाणे असतात, तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या 613 आज्ञांइतके, असंही सांगतात. हे श्रद्धेचं गणित आहे. प्रत्यक्षात दाणे काहीशेपासून हजाराच्या वर कितीही निघतात, त्यामुळे भाषांतरात 'डाळिंबात 613 दाणे असतात' असं विधान करू नका, 'असं मानतात' म्हणा. तोराच्या गुंडाळीच्या दांड्यांवर चांदीची जी टोकं बसवतात त्यांनाही 'रिमोनीम', म्हणजे डाळिंबंच, म्हणतात.

बायबलच्या निर्गम 28 मध्ये प्रमुख याजकाच्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबं लावायला सांगितली आहेत आणि दोन डाळिंबांमध्ये सोन्याचं एकेक घुंगरू. याजक पवित्रस्थानात शिरताना आणि बाहेर पडताना त्यांचा आवाज ऐकू यावा, म्हणजे तो मरणार नाही, असं पुढच्याच वचनात आहे. यात पावित्र्याचा धाक आहे, शांतीचा उल्लेख नाही.

प्रतिसाद 2

शांतीच्या उलट बाजूचे पुरावे तर भरपूर आहेत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणी सैन्याचं वर्णन केलंय (7.41) : दहा हजारांच्या निवडक तुकडीत एक हजार जणांच्या भाल्यांच्या बुडाला सोन्याची डाळिंबं, उरलेल्या नऊ हजारांच्या भाल्यांना चांदीची. फेकायच्या बॉम्बला 'ग्रेनेड' हे नाव फ्रेंचमधल्या डाळिंबाच्याच शब्दावरून पडलं. आजच्या हिब्रूत 'रिमोन' म्हणजे फळही आणि हातबॉम्बही. अरबीत फळ 'रुम्मान', हातबॉम्ब 'रुम्माना'. आपण दिवाळीत 'अनार' उडवतो तेही याच आकारावरून. (त्या मानाने 'भुईनळा' किती निरुपद्रवी शब्द!)

आपल्याकडेही तेच. दुर्गासप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी सांगते की दानवांना खाताना माझे दात 'दाडिमीकुसुमोपमाः' होतील, डाळिंबाच्या फुलासारखे लालभडक. म्हणून ती रक्तदंतिका. बंगालच्या दुर्गापूजेतल्या नवपत्रिकेत, म्हणजे नऊ वनस्पतींच्या जुडीत, जी डाळिंबाची फांदी बांधतात ती याच देवीची. उलट ललितासहस्रनामातलं 'दाडिमीकुसुमप्रभा' हे नाव अगदी सौम्य आहे. दोन्हीकडे उपमान फूल आहे, फळ नाही. 'डाळिंबासारखी कांती' असं भाषांतर केलं की चुकलंच.

प्रतिसाद 3

बीजपूर म्हणजे डाळिंब नव्हे. बीजपूर, मातुलुंग, मातुलिंग हे सगळे शब्द महाळुंगाचे, म्हणजे लिंबाच्या कुळातल्या मोठ्या फळाचे. महालक्ष्मीच्या वर्णनात 'मातुलुंगं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती' असं येतं, तिथेही महाळुंगच. 'बियांनी भरलेलं' असा शब्दशः अर्थ लावून कुणीतरी इंग्रजीत डाळिंब लिहितं आणि तेच मराठीत परत येतं.

मूर्ती किंवा चित्र समोर असेल तर फळाचं टोक बघा. डाळिंबाच्या टोकाला निदलांचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या पाकळ्यांचा, मुकुट असतो, साधारण पाच ते आठ पाकळ्यांचा, फळ पिकलं तरी न गळणारा. महाळुंगाला मुकुट नसतो. साल खडबडीत, टोकाशी बोंडीसारखा फुगवटा, आकार लांबोळका. पश्चिम आशियातल्या जुन्या शिल्पांत आणखी एक घोटाळा होतो तो खसखशीच्या बोंडाचा. त्याच्या डोक्यावर मुकुटाऐवजी किरणं कोरलेली सपाट चकती असते. झीज झालेल्या मूर्तीत मुकुट तुटलेला असू शकतो, तेव्हा नुसत्या आकारावर निवाडा करू नये. 'फळ' एवढंच लिहावं.

प्रतिसाद 4

'शांती' कुठून आली असेल याचा एक अंदाज देतो. हिब्रू 'शालोम' मध्ये युद्ध नसणं एवढंच नाही, तर कुशल, भरलेपण, काही कमी नसणं हेही येतं. समृद्धीची खूण 'शालोम'ला जोडली गेली आणि पुढे इंग्रजीतून नुसती 'शांती' उरली, असं घडू शकतं. मूळ उताऱ्यात तसा संदर्भ असेल तर मराठीत 'क्षेमकुशल' किंवा 'सुखसमृद्धी' लिहा. ख्रिस्ती संदर्भ असेल तर 'ऐक्य' बघा, कारण एका सालीत अनेक दाणे हे तिथे चर्चचं रूपक आहे. चिनी संदर्भ असेल तर सरळ 'बहुसंतती'. ग्रीक देवी पर्सेफोनीच्या कथेत डाळिंब पाताळाशी बांधून ठेवणारं फळ आहे. तिथे होमरच्या नावावरच्या स्तोत्रात एकच दाणा आहे आणि ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसीज' मध्ये सात, म्हणून संख्या लिहाल तर कुणाची ते सांगा.

तुमच्या वाक्यासाठी माझी सूचना : 'अनेक संस्कृतींमध्ये डाळिंब पवित्र मानले जाते, ते मुख्यतः समृद्धी आणि संततीचे प्रतीक आहे.'

प्रश्नकर्ता

आभार. संपादकांनी 'शांती' ठेवायचीच म्हटलं तर 'शांतीप्रतीक' असा समास चालेल?

प्रतिसाद 1

नाही. सुटा शब्द 'शांती' दीर्घ, पण समासात पूर्वपद आलं की मूळ संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व : शांतिप्रतीक, शांतिदूत, शांतिपाठ. 'दाडिमीकुसुम' मात्र दीर्घच राहील, कारण तिथे मूळ शब्दच 'दाडिमी' आहे.