मदत हवी आहे: मुलांचे गट कसे पाडू?

मंडळी, मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते, यंदा आमच्या गणपतीत मुलांच्या स्पर्धा आहेत आणि फॉर्मवर 'मराठी / गुजराती / इतर' असा रकाना छापायचं चाललंय, मला ते अजिबात पटत नाहीये. एकदा शिक्का बसला की पोरं समोरच्याचं ऐकूनच घेत नाहीत. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचा ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, क्ली या चित्रकाराची चित्रं आवडतात की कँडिन्स्की या दुसऱ्या चित्रकाराची यावरून गट केलेत एवढंच मुलांना सांगितलं, खरं तर गट कसेही पाडलेले, तरी पैसे वाटताना आपल्याच गटाला झुकतं माप!! इथे तर भाषा आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडले तरी दर खेळाला बदलावे लागतील ना? कोणी असं केलंय का, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना कसं पटवलंत? प्लीज लवकर सांगा, फॉर्म अजून प्रेसला गेले नाहीयेत.